दसऱ्याचा दुसरा दिवस

फोन वाजला नाही. बघत बसलं की दूध उतू जात नाही असं आई म्हणायची, म्हणून देवचंद बिऱ्हाडे सकाळपासून फोनकडे पाठ करून बसला होता. पायाशी बॅग होती. तिच्यात स्क्रूड्रायव्हर, फ्लॉप्यांचा डबा, पंचा आणि एक जादा शर्ट. भिकमचंद शेठच्या बियाण्यांच्या पेढीचं हे जळगावचं ऑफिस; पेढीची दुसरी शाखा धुळ्याला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याहून फोन येणार, 'साहेब, मशिनी बंद पडल्या', आणि आपण मिळेल त्या पहिल्या एस.टी.नं धुळ्याला जाणार, हे पेढीत कॉम्प्युटर आल्यापासून ठरून गेलेलं होतं. चहा आला, कप परत गेला, टपाल आलं, समोरच्या कापड दुकानात बोहणी झाली. फोन दोनदा वाजला, पण एकदा शेतकरी होता, कपाशी पिवळी पडली म्हणून शिव्या द्यायला, आणि एकदा राँग नंबर. देवचंदला वाईट वाटायला लागलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय हे लक्षात आल्यावर अधिकच वाईट वाटलं. यंत्रं नीट चालताहेत म्हणून झुरणारा माणूस म्हणजे गावात कुणी आजारी नाही म्हणून उदास बसलेला डॉक्टर. पण ते तसं होतं खरं. वर्षाचे बाकीचे दिवस पेढीतला एक नोकर. दसऱ्याचा दुसरा दिवस मात्र त्याचा होता. त्या दिवशी धुळ्याला तो पोचला की सगळे उठून उभे राहत. मुनीम आधारभाऊ स्वतः पाण्याचा तांब्या पुढे करत. एकदा शेठनं स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी त्याच्या ताटात वाढली होती, स्वतःच्या हातानं, आणि देवचंदला आपला बाप आठवला होता, ज्याला पहूरला असल्याच एका पेढीच्या पायरीवर वरून ओंजळीत पाणी ओतत. पोळी त्यानं सावकाश खाल्ली होती. तिची चव अजून आठवते म्हटलं तर त्याची बायको लता हसते. लताला ह्या गोष्टीचं हसू येतं, कारण तिचा बाप रेल्वेत क्लार्क होता आणि तिला कुणी पायरीवर उभं केलेलं नव्हतं.

धुळ्याच्या यंत्रांचं दरसाल काय व्हायचं ते त्याला पाठ होतं. दसऱ्याला पेढीत अवजारांची पूजा. आधारभाऊ धुळ्याच्या शाखेचे मुनीम, आणि पूजेच्या बाबतीत मोठे काटेकोर. पूजा म्हणजे वरवर कुंकवाचं बोट लावणं नव्हे, अवजार सुटं करून धुवायचं, पुसायचं, मग पुजायचं, असा त्यांचा दंडक. वजनकाट्याची पारडी उतरायची, पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी चिंचेनं घासायची. कॉम्प्युटर आले तेव्हा आधारभाऊंनी त्यांचीही झाकणं उघडली. आतली सगळी कार्डं त्यांना कळेनात, पण ज्याला काळी वायर जोडलेली असते ते कार्ड सहज निघतं एवढं त्यांनी देवचंदलाच करताना पाहिलं होतं. ती कार्डं काढून, रंगाच्या ब्रशनं झाडून, ताम्हनात ओळीनं मांडून, हळदकुंकू आणि आपट्याची पानं वाहून, आरती झाल्यावर ते ती परत बसवत. कुठलं कुठल्यात, हा प्रश्न त्यांना पडत नसे. विळे धुतल्यावर कुठला विळा कुठल्या खुंटीला अडकवायचा हे कोण बघतं. देवचंद त्या दिवशी पेढीत नसे. दसरा म्हणजे त्याच्याकडे विहाराचा दिवस, पांढरे कपडे, वंदना, दुपारी खीर. त्यामुळे पूजा त्यानं डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती, फक्त तिचं फळ पाहिलं होतं. त्या काळ्या वायरीवरून एकमेकांशी आणि जळगावशी बोलणारी पाचही यंत्रं मुकी. कारण त्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकच तक्ता होता, आणि तक्त्याच्या एकेका ओळीत दोन गोष्टी शेजारीशेजारी: अमक्या यंत्राकडे जायची वाट कुठली, आणि त्या वाटेच्या टोकाला जे कार्ड आहे त्याच्यावर कारखान्यानं घातलेला नंबर काय. कार्ड ह्या यंत्रातून त्या यंत्रात गेलं की नंबर खोटा, नंबर खोटा की प्रोग्रॅम सगळी ओळच खोडून टाकी, आणि ओळीबरोबर वाटही जाई. मग देवचंद बॅग घेऊन हजर. तो एकेक झाकण उघडून कार्डावरचं कुंकू पुसून नंबर वाचायचा, तक्ता नव्यानं भरायचा, आणि जळगावचा आकडा धुळ्याच्या पडद्यावर उमटला की मागे उभे असलेले सगळे एकदम श्वास सोडायचे. हे दोन्ही एका ओळीत ठेवू नये, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं असं नाही. पुण्याहून आणलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये तसंच होतं, आणि तो प्रोग्रॅम साहेबाच्या देशातल्या शहाण्यांनी लिहिलेला. शिवाय, आणि हे तो स्वतःशीही अर्ध्या आवाजात म्हणे, कार्डं काढणं सांगून थांबवता आलं असतं. आधारभाऊंना एक शब्द पुरला असता.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्यानंच फोन लावला. पलीकडून आधारभाऊंचा प्रसन्न आवाज आला. "बठ्ठं चालू शे, साहेब. तुम्ही कसाले दगदग करतस."

"पूजा नाही केली का यंदा?"

"करी ना. नही कसं करू. बठा कार्ड काढात, पुसात, कुकू लायं, परत बसाडात. सकायले बटन दाबं, एक घडी गप बसनं, मंग आपेआप चालू व्हयनं." आणि मग, अगदी सहज, "ताईस्नी काहीतरी करेल शे ना त्याम्हा. ताई नि गौतमभाऊ रोज सांजले बसतस मशीनजोडे. तुमले सांगं नही का ताईस्नी?"

"सांगितलंय," देवचंद म्हणाला, आणि फोन ठेवला.

ताई म्हणजे लता. ती धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात शिकवते, आठवडाभर तिथेच आईकडे राहते, शनिवारी जळगावला येते. गेल्या महिन्यात तिच्या आईचा, नर्मदाबाईंचा, पाय मोडला तेव्हापासून शनिवारीही आलेली नाही. संध्याकाळी पेढीच्या धुळ्याच्या ऑफिसात जाऊन एखादा रिपोर्ट काढून देत जा, असं देवचंदनंच तिला सुचवलं होतं, तेवढेच चार पैसे. आणि गौतमभाऊ म्हणजे शेठचा धाकटा मुलगा गौतमचंद, पुण्याला शिकून उन्हाळ्यात परत आलेला, कोल्हापुरी चपला आणि उंची घड्याळ, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघणारा. देवचंदनं बॅग उचलली. बंद पडलेलं काहीच नव्हतं, तरी उचलली. स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेलीच होती, खिडकीची जागाही मिळाली, आणि असं सगळं सरळ घडत जातं तेव्हा पुढे काहीतरी वाईट असतं हे त्याला पक्कं माहीत होतं.

रोज सांजले. त्या दोन शब्दांना तो एरंडोलपर्यंत चघळत होता. रोज, म्हणजे मागच्या आठवड्यात आपण देवपूरला शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला आणि लता अजून आली नाही असं कळलं, तेव्हासुद्धा. आईसाठी औषध आणायला गेले होते, असं ती म्हणाली होती. औषध आणलंही असेल. माणूस एका फेरीत दोन कामं करतो. गौतमचंदचं ते हाताकडे बघणं. लताची बोटं कळफलकावर फार वेगानं चालतात, बघत राहावीत अशी, हे त्यालाही माहीत होतं. पण ते आपल्याच माहितीचं आहे असं तो आजवर धरून चालला होता. बाहेर कापूस फुटायला लागला होता, पुढच्या बाकावरची बाई सावद्याहून आणलेला केळीचा घड मांडीवर घेऊन बसली होती, आणि प्रत्येक खड्ड्याला तो घड तिच्याबरोबर उडत होता. देवचंदनं मनातल्या मनात गौतमचंदशी बोलणी सुरू केली. शेठचा मुलगा असशील. नोकरी सोडायला मला एक मिनिट लागत नाही. मग लताशी. मग पुन्हा गौतमचंदशी. पारोळ्याला गाडी थांबली, कंडक्टर उतरून चहा प्यायला, आणि तेवढ्या थांबलेल्या वेळात देवचंदच्या लक्षात आलं की आपण गौतमचंदवर म्हणावं तितकं चिडलेलो नाही. जीभ राहून राहून दुसऱ्याच दाताकडे जात होती. ताईस्नी काहीतरी करेल शे त्याम्हा. त्याम्हा, म्हणजे माझ्यात. काय केलं तिनं? कार्डं हलली, तरी एक घडी गप बसून यंत्रं आपोआप बोलायला लागली, म्हणजे तिनं काय केलं हे त्याला एरंडोलच्या आधीच कळलं होतं, फक्त कळलं असं त्यानं म्हटलं नव्हतं.

कॉलेजात ती दोघं एका वर्गात होती, देवपूरलाच. गणितात तो पहिला असायचा. पहूरच्या शाळेपासून पहिलाच, गावानं त्याचं दुसरं काही लक्षात ठेवलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी निकाल लागला आणि बोर्डावर लताचं नाव वर आणि त्याचं खाली. तोवर त्यांच्यात सगळं ठरलेलं होतं, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. पोरं जमली, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि तो मोठ्यानं हसून म्हणाला, "माझ्याच वह्या वाचून पहिली आली. गुरूची विद्या गुरूला." सगळे हसले. लताही हसली. वह्या त्यानं दिल्या होत्या हे खरंच होतं. त्या दिवशी खानावळीत त्यानं ताट तसंच बाजूला सारलं, आणि ती त्याला पाणी आणून देत होती, डोकं दुखतंय का विचारत होती. पुढे लग्न झालं. सुखात झालं. ती स्वयंपाकाला उभी असताना तो तिला आपला प्रोग्रॅम समजावून सांगायचा, आणि ती कणीक मळता मळता असा एखादा प्रश्न विचारायची की त्याला उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबावं लागे. त्या प्रश्नांचं त्याला कौतुक वाटायचं. निदान ते कौतुकच आहे असा त्याचा समज होता.

धुळ्याच्या ऑफिसात अजून उदबत्तीचा वास होता. दाराला झेंडूचं तोरण, काट्याच्या दांडीला सुकलेली आपट्याची पानं. आधारभाऊ उठले, पण सगळे उठले नाहीत. एकानं नुसती मान हलवली आणि पुन्हा बिलात डोकं घातलं. लता आतल्या खोलीत यंत्रापुढे बसली होती. शेजारी गौतमचंद, खुर्ची उलटी करून, पाठीवर हनुवटी टेकून. दोघांत एका माणसाचं अंतर होतं. ते अंतर देवचंदनं दारातूनच मोजलं, आणि तरीही त्याला हायसं वाटलं नाही.

"अहो, तुम्ही कसे आलात?" लता म्हणाली. तिला खराखुरा आनंद झाला होता. "काही बंद नाही पडलं आज."

"ऐकलं. म्हणून आलो."

गौतमचंदनं उठून खुर्ची दिली. "बसा साहेब. भाभींनी कमाल केली. मी महिनाभर नुसता बघतोय, मला अजून निम्मं कळलेलं नाही. सारखं विचारतो, त्या सांगत बसतात." आज तो देवचंदच्या तोंडाकडे बघून बोलत होता. साधा मुलगा होता. आता त्याच्यावर काहीच टाकता येण्यासारखं नव्हतं, आणि देवचंदला त्याचा मनापासून राग आला तो नेमका ह्यासाठी. परपुरुषाचं प्रकरण असतं तर सोपं गेलं असतं. चार माणसांना सांगता येतं, मारामारी करता येते, सासूपुढे रडता येतं. बायकोच्या डोक्याचा मत्सर वाटतो हे कुणाला सांगायचं?

"तुमचंच आहे सगळं," लता म्हणाली. ती सांगायला लागली की तिचे हात हलतात. "मी फक्त तक्त्याचे दोन तक्ते केले. एकात नुसती वाट. जळगावला जायचं तर पारोळ्यावरून, एवढंच. ते का बदलायचं? आणि दाराशी कोण आहे, कुठल्या नंबरचं कार्ड, ते वेगळ्या लहान तक्त्यात. तो तक्ता विसराळू केला. थोड्या वेळानं विसरतो, आणि पुन्हा लागलं की वायरीवर सगळ्यांना हाक मारतो, हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल तो आपणहून म्हणतो, माझा. आधारभाऊंनी कार्डं कशीही बसवू देत. शेजारी बदलला म्हणून धुळ्याचा रस्ता पुसला जात नाही ना."

ती एवढं बोलून थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. कणीक मळताना प्रश्न विचारून बघायची तशी. देवचंदनं पडद्यावरचं वाचलं. सावकाश, चूक शोधत वाचलं, कारण एक चूक सापडली असती तरी त्याला श्वास घेता आला असता. विसरायची वेळ, हाक मारल्यावर उत्तर आलं नाही तर काय, दोघांनी उत्तर दिलं तर काय, सगळं होतं. आपल्या वह्यांत नसलेलं होतं. सर्वांत वर, प्रोग्रॅम कुणाचा ह्या ओळीत, त्याचं नाव होतं तसंच होतं. तिनं आपलं घातलं नव्हतं.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"चाललं असतं की नाही माहीत नव्हतं. दसरा झाला की सांगणार होते." मग हळू आवाजात, "आणि तुमची दरवर्षी धावपळ होते. प्रवासात पित्त उसळतं तुमचं."

त्याला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि यंत्राची वायर उपटावीशी वाटली, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही, कारण बाहेर मोटारीचं दार वाजलं आणि भिकमचंद शेठ आत आले. शेठ दसऱ्यानंतर धुळ्याला येतातच. पांढरं धोतर, कपाळावर केशराची टिकली, हातात पेढ्यांचा पुडा. यंदा मशिनी चालू आहेत एवढं त्यांना आधारभाऊंनी बाहेरच सांगितलेलं असणार.

"बिऱ्हाडे साहेब," शेठ दारातूनच म्हणाले, "यंदा देवी पावली. मशीन बंद नाही पडलं. मी आमच्या घरी सांगत होतो, बिऱ्हाडे साहेब मनावर घेतील तर करतीलच. तीन साल लागले, पण केलंत." त्यांनी पुडा उघडून देवचंदपुढे धरला.

गौतमचंदनं तोंड उघडलं होतं, पण बापापुढे तो मधे बोलत नसे. लता पडद्याकडे बघत होती. पेढ्यावर पिस्त्याचा तुकडा होता. देवचंदला दिसत होतं की आता एक शब्द न बोलता नुसता पेढा उचलला तरी चालेल, आणि तसं केलं तर लता आयुष्यात कधी काही म्हणणार नाही, आणि तिचं ते न म्हणणं आपल्याला रोज जेवताना समोर बसलेलं दिसेल. म्हणून तो बोलला. खरं तेच बोलला. "मी काही केलं नाही शेठ. हे सगळं लतानं केलं," तो म्हणाला, आणि म्हणताना हसला, मान थोडी तिरपी केली, हात तिच्याकडे असा फिरवला, जसं लग्नात व्याही एकमेकांकडे मानपान ढकलतात. आपला हा आवाज त्याला ओळखीचा वाटला. कुठे ऐकला ते लगेच आठवलं नाही.

शेठ हसले. पोटभर हसले. "बघ गौतम," ते मुलाला म्हणाले, "हा मोठेपणा. स्वतः रात्रंदिवस खपायचं आणि नाव घरच्या लक्ष्मीला द्यायचं. असे लोक राहिले नाहीत." मग पेढा त्यांनी स्वतःच्या हातानं देवचंदच्या तोंडात घातला, आणि दुसरा लताच्या हातावर ठेवला. "भाभी, नशीबवान आहात."

"पप्पा, खरंच भाभींनीच..." गौतमचंद म्हणाला.

"हो रे, हो," शेठ म्हणाले, आणि दिवाळीच्या मालाचं विचारायला आधारभाऊंकडे वळले. पेढा तोंडात विरघळत होता. देवचंदच्या अंगातून सकाळपासूनची सगळी तगमग उतरत गेली, गरम पाण्यात पाय सोडल्यावर उतरते तशी, आणि तो सुखावला. नको म्हणत असताना सुखावला. बाहेरच्या खोलीत बिलात डोकं घातलेला तो माणूसही आता उठून उभा राहिला होता. देवचंदनं लताकडे पाहिलं तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याच्या तोंडावर जे काही होतं ते तिनं पुरतं बघून घेतलं होतं.

पांझरेच्या पुलावरून ती दोघं देवपूरकडे चालत निघाली. नदीत पाणी होतं, धोबी कपडे गोळा करत होते. पेढा लताच्या हातात तसाच होता. आईला देते, ती म्हणाली. पुलाच्या मध्यापर्यंत देवचंद बोलत होता. शेठ जुन्या वळणाचे आहेत, त्यांना सांगून पटत नाही, मी तर सगळ्यांसमोर सांगितलं, अजून काय करायला हवं होतं. लता ऐकत होती. तिच्या चपलेचा अंगठा सैल झाला होता आणि ती पाय जपून टाकत होती.

"ते असं म्हणतील हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"बोर्डापाशी असंच हसला होतात. वह्यांच्या वेळी." तिचा आवाज चढला नव्हता, थकल्यासारखा होता. "खोटं बोलला असतात तर मला भांडता तरी आलं असतं."

पुढे पूल संपला, रसवंती आली, कॉलेजची भिंत आली, नर्मदाबाईंची गल्ली आली. लता चार पावलं पुढे चालत होती आणि त्यानं ती चार पावलं भरून काढली नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर पाय लांब करून पडलेल्या म्हातारीनं बिजागरीचा आवाज ऐकला.

"कोन शे?"

"मी, आई," लता म्हणाली आणि चपला काढून आत गेली.

"नि तुना मांगे? आखो कोन शे?"

लता थांबली नाही. तिनं पेढा आईच्या हातावर ठेवला, कोपऱ्यातला तांब्या उचलला, आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. सासू मान वळवून दाराकडे बघत होती, पण उजेड देवचंदच्या मागून येत होता आणि तिला नुसता आकार दिसत असणार. "कोन शे बाबा?" तिनं पुन्हा विचारलं. तोंडात पेढ्याचा गोडवा अजून होता. देवचंद बॅग हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.